सारोल्ताबाईंचा निळा किरण

हंगेरीतल्या केसेग गावात सारोल्ताबाईंकडे दात दाखवून आलेला माणूस घरी पोचला की आधी त्यांची नक्कल करतो. नाकातून, सावकाश, “तोंड उघडं, हात पोटावर, तक्रार मनात.”

बाईंनी जुना दिवा कपाटात टाकून लेसर आणला, तेव्हा गावाला नवा विषय मिळाला. दातात भरलेला मऊ मसाला पूर्वी त्या दिव्याखाली हळूहळू कडक व्हायचा. आता बारीक निळा किरण पडला की झालंच. बेकरीवाली म्हणाली, एवढ्यात तर पावाला रंगही चढत नाही. बाई ऐकून हसायच्या, पण प्रत्येक दाताला मनात धाकधूक असायचीच.

त्यात इग्नात्सकाका आले. दुपारी लेकीचं लग्न, आणि सकाळी अक्रोड फोडताना पुढचा वरचा दात अर्धा उडालेला. नवरीच्या नाचाला बापाने क्लॅरिनेट वाजवायची, हे लेक रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. वाद्याचं टोक नेमकं त्याच दाताखाली येतं.

बाईंनी दात घासून खडखडीत कोरडा केला, त्यावर चिकटद्रव्य लावलं. किरण डोळ्यांना लागू नये म्हणून नारिंगी चष्मे आणायला वळल्या. मग थरावर थर, किरण, पुन्हा थर. दात मूळचा वाटावा असा झाला. काकांनी खुर्चीतच वाद्य तोंडाला लावलं, जोरात फुंकलं, आणि नवा तुकडा टपकन मांडीवर पडला.

काका बोबड्या आवाजात म्हणाले, “बाई, तुमचा दिवा फार घाईत होता.”

बाईंनी पडलेला तुकडा उचलला. गावाचंच खरं निघालं की काय? त्या वाकून दात पाहू लागल्या आणि तिथेच थांबल्या. वास पालिंकाचा, आलुबुखाराच्या कडक दारूचा होता.

“मी वळले तेव्हा?”

काकांनी कोटाच्या खिशातून चपटी बाटली काढली. धीर यावा म्हणून एकच घोट, तोही दाताशी नीट खळबळून. जंतू मरतात, असं त्यांचे वडील सांगायचे.

“जंतू मेले. चिकटद्रव्यही मेलं,” बाई म्हणाल्या. बाटली जप्त झाली.

बाहेर लग्नाला न्यायला आलेल्या गाडीचा भोंगा वाजत होता. बाईंनी दात पुन्हा खरवडला, ओठाखाली कापूस कोंबला, या वेळी काकांवरची नजर हलवली नाही. थर पातळ ठेवले. किरण थोडा, थांबून पुन्हा थोडा. भोंगा वाजला तरी हाताने घाई केली नाही.

नाचाच्या वेळी सगळे नवरीकडे बघत होते, बाई एका दाताकडे. काकांनी शेवटचा सूर इतका लांबवला की बाईंनी स्वतःचा श्वास रोखून धरला. सूर संपला. काका घामाघूम होऊन, हसत बाईंपुढे आले आणि पालिंकासाठी हात पसरला.

बाटली बाईंच्या पर्समध्येच होती. त्यांनी ती तशीच घट्ट धरली.

“आधी तोंड उघडा.”