पहिल्या बाकावरची जागा

समोर जोसेफची शवपेटी. चर्चचे एल्डर, म्हणजे वडीलधारे कारभारी, माझ्या कानाशी वाकले. "सिस्टर, प्लीज मूव्ह. धिस रो इज फॉर फॅमिली."

फॅमिली म्हणजे टोरोंटोहून आलेला जोसेफचा चुलतभाऊ. चार वर्षांत एकदाही घरी न फिरकलेला. मी चार वर्षं इथे विंडसरमध्ये, एका बेसमेंटमध्ये जोसेफबरोबर राहिले. गाड्यांच्या कारखान्यातली त्याची नोकरी गेली, मग किडन्या गेल्या. शेवटी अंघोळसुद्धा मीच घालायचे. पण आमचं लग्न झालेलं नव्हतं.

हवं होतं हो! जोसेफ केनियाचा, चर्च त्याच्याच मुलखातल्या लोकांचं. मुलीच्या बापाने मुलाकडचा आहेर स्वीकारल्याशिवाय तिथले पाद्री लग्न लावत नसत. आणि वसईत रोज रोझरी म्हणणारे माझे पप्पा फोनवर म्हणाले, "काळ्याचा आहेर? माझा उंबरा चढू नको." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. सिटी हॉलमध्ये सही करून नोंदणी लग्न करू म्हटलं, तर जोसेफला ते लग्नच वाटेना. राहिलो तसेच.

टॅक्सच्या कागदावर आम्ही कॉमन-लॉ, म्हणजे लग्नाविना एकत्र राहणारे नवराबायको. चर्चमध्ये शेवटच्या बाकावरचे पापी. कम्युनियनची भाकर घ्यायला सगळे उठायचे, आम्ही बसून राहायचो. नंतर एल्डरांचे चहाचे कप मात्र मी विसळायचे. आणि लाज मलाच वाटायची.

तीच लाज भोवली. हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, "हू आर यू टू हिम?" एल्डर शेजारी उभे. मी म्हणाले, "फ्रेंड."

जोसेफ जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवसांनी गेला. ते फिरवलेलं तोंड मला अजून दिसतं. भांडी घासताना दिसतं, बसच्या काचेत दिसतं. मी डोळे मिटायला भिते.

"सिस्टर," एल्डर पुन्हा म्हणाले.

मी बाकाची कड घट्ट धरली. उठले नाही. मोठ्याने म्हणाले, "आय ॲम हिज वाइफ."

माना वळल्या. पाद्रींनी पुस्तक मिटलं. मी मागे जाईपर्यंत प्रार्थना होणार नाही, असं ते म्हणाले.

"देन डोन्ट प्रे," मी म्हणाले.

शवपेटीवर हात ठेवून मीच सुरू केलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." मराठीत, एकटीने. कोणी साथ दिली नाही. चुलतभाऊ बुटांकडे बघत होता.

जोसेफला काही ऐकू गेलं नाही. मला उशीर झाला होता, आणि त्या उशिराला माफी नाही. मी मागतही नाही. पण आता पाद्री विचारोत, पप्पा विचारोत, नाहीतर अर्जाचा रकाना विचारो. मी जोसेफची विधवा आहे. कुणाच्याही धाकाने त्याला पुन्हा नाकारणार नाही.