मागच्या उजव्या चाकाचे दहा दिवस

ललिता गजभिये कॅल्गरीत एका पाइपलाइन कंपनीच्या ऑफिसात डिझायनर आहे. बावीस वर्षं ती कॉम्प्युटरवर व्हॉल्व्ह, फ्लँज आणि बोल्टची ड्रॉइंग काढत आली; त्यातला एकही व्हॉल्व्ह तिनं कधी हातानं फिरवला नव्हता. नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये होती तेव्हा वर्कशॉपच्या तासाला मुलं लेथवर उभी राहायची आणि सर तिच्या हातात हजेरीचं रजिस्टर द्यायचे. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणायचे. तीन वर्षं तिनं रजिस्टर लिहिलं. तक्रार केली नाही, पण विसरलीही नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी तिला ती गाडी दिसली, शेजारच्या प्रॉव्हिन्समधल्या कोक्विटलामला. तिथं तिची जुनी मैत्रीण मंदाकिनीताई राहते. ताईंचे मिस्टर वारल्यापासून त्यांची लाल, दोन सीटची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार घरालगतच्या कारपोर्टच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. १९९२ची गाडी, आठ वर्षं जागची हललेली नव्हती.

"शनिवारी भंगारवाला येणार आहे," ताई म्हणाल्या.

ललितानं ताडपत्री उचलली, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. "त्याला नको म्हणून सांगा, ताई. मी नेते."

ऑक्टोबरात गाडी ट्रेलरवरून कॅल्गरीला आली. ललिताचा नवरा गुणवंत सिटीच्या पाणी खात्यात काम करतो. गराजसमोर त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "आता हिचं काय करणार तू?"

"चालवणार."

"आणि दुरुस्त कोण करेल?"

"मीच."

तो हसला नाही, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं. मुलगी अमृता किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती मात्र व्हिडिओ कॉलवर हसली. "आई, जस्ट टेक इट टू अ शॉप!"

हिवाळाभर शनिवार-रविवार ललिता गराजमध्ये होती. बाहेर उणे अठ्ठावीस, आत एक छोटा हीटर, अंगात जुनं जॅकेट आणि समोर त्या गाडीचं जाडजूड रिपेअर मॅन्युअल. तिनं कडक झालेले रबरी पाइप बदलले, पाण्याचा पंप बदलला. इंजिनाचा टायमिंग बेल्ट बसवला, पण तो एका दातानं चुकला. इंजिन सुरू झालं ते थंडी भरल्यासारखं थडथडायला लागलं. तिनं निमूटपणे सगळं पुन्हा खोललं आणि या वेळी प्रत्येक खूण तीनदा तपासली. मार्चमध्ये इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चालू लागलं, तेव्हा ती पेट्रोलचा वास असलेल्या हातांनीच घरात धावत आली आणि गुणवंतला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

आता फक्त इन्स्पेक्शन उरलं होतं. दुसऱ्या प्रॉव्हिन्समधून आणलेली गाडी तपासून पास झाल्याशिवाय नंबर प्लेट मिळत नाही. एप्रिलमध्ये तात्पुरतं परमिट काढून दोघं गाडी घेऊन गेले. तासाभरानं मेकॅनिक हातात कागद घेऊन बाहेर आला आणि थेट गुणवंतशी बोलायला लागला. "मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक अडकलाय. चाक मोकळं फिरत नाही. फेल. दहा दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर सगळं पहिल्यापासून. आणि माझं ऐकाल तर ब्रेकचं काम घरी करू नका."

गुणवंतनं तिच्याकडे बोट केलं. "गाडी हिची आहे. हिला सांगा."

मेकॅनिकनं कागद तिच्या हातात दिला, पण पुन्हा काही सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं चाक काढलं. ब्रेकचे पॅड ज्या पिनांवर सरकतात त्या गंजून घट्ट बसल्या होत्या. दोन दिवस तेल सोडून, ठोकून तिनं त्या बाहेर काढल्या, घासल्या, ग्रीस लावलं. मग नवे पॅड आणले. ते जुन्यांपेक्षा जाड होते, म्हणून पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलायला हवा होता. हिवाळ्यात पुढच्या चाकांचे पॅड बदलताना तो लोखंडी शिकंज्यात दाबला की मागे गेला होता. हा जाईना. तिनं जोर लावला, गुणवंतनं लावला, शेवटी शिकंज्याचा दांडाच वाकला. पाचवा दिवस संपला.

"राहू दे ना आता," गुणवंत म्हणाला. "हात पाहा तुझे, कसे सोलून निघालेत. मेकॅनिकच्या शॉपमध्ये देऊन टाकू. कोण हसणार आहे?"

ललिता हात धुऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि मॅन्युअलमधलं त्या ब्रेकचं ड्रॉइंग उघडलं. आतापर्यंत तिनं मजकूरच वाचला होता. आता ऑफिसात बघते तसं ती फक्त चित्र बघू लागली: सुटे करून एका रेषेत मांडलेले भाग, एकामागून एक. मागच्या बाजूला एक छोटा बोल्ट होता. तो कशालाच धरून ठेवत नव्हता. मग तो तिथं कशाला? त्याच्या मागे, त्याच रेषेवर, पिस्टनपर्यंत गेलेला एक आटेदार स्क्रू.

"अहो, हा दाबायचाच नाहीये!" ती ओरडली. "हा फिरवायचा आहे!"

दोघं गराजमध्ये गेले. तिनं बोल्ट काढला, आत षटकोनी ॲलन की घातली आणि हळूच फिरवली. पिस्टन आपणहून मागे सरकायला लागला, लोण्यात सुरी जावी तसा. गुणवंत चक्क टाळ्या वाजवायला लागला.

पुढच्या दिवशी त्याला ड्रायव्हिंग सीटवर बसवून तिनं ब्रेकचं जुनं तेल बदललं. ती गाडीखालून ओरडायची, "दाबा... धरून ठेवा... सोडा!" आणि तो बावीस वेळा विचारायचा, "आता?" शेवटी तिनं चाक बसवलं आणि एका बोटानं ढकललं. ते फिरतच राहिलं.

नवव्या दिवशी ती एकटीच गाडी घेऊन गेली. तोच मेकॅनिक होता. त्यानं गाडी वर उचलली, चाक फिरवलं, ब्रेक दाबून पाहिला, टॉर्च घेऊन बराच वेळ आत डोकावला. मग गाडीखालून बाहेर येऊन त्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"तो मागचा स्क्रू सापडला तुम्हाला? माझ्याकडची दोन माणसं तिथं शिकंजे मोडून बसली आहेत."

"एक मीही मोडला," ललिता म्हणाली.

तो मोठ्यानं हसला, कागदावर 'पास' लिहिलं आणि स्वतःहून हात पुढे केला. तिच्या नखांतला काळेपणा अजून गेला नव्हता. त्याच्याही नव्हता.

मे महिन्यात इथल्या बौद्ध मंडळाच्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला ललिता छत उघडून, पांढरी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून हॉलवर पोहोचली. खीरदान राहिलं बाजूला. मंडळातल्या बायकांनी पार्किंगमध्येच रांग लावली, आणि तिनं एकेकीला चक्कर मारून आणली.

अमृता त्याच आठवड्यात आली. एअरपोर्टबाहेर लाल गाडी पाहून ती जागीच थबकली. "ओह माय गॉड, आई! यू डिड ऑल धिस?" मग लगेच, "कॅन आय ड्राइव्ह?"

"गिअरची गाडी येते तुला?"

"...नो."

"मग बस बाजूला," ललिता म्हणाली.

ती शहराबाहेर पडली आणि पश्चिमेकडे वळली. समोर डोंगरांवर बर्फ होतं, ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा होता. तिनं क्लच दाबला, गिअर चौथ्यात टाकला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू खाली नेला.