जोडायच्या दोन फायली

मत्सर म्हटलं की काहीतरी पुराणातलं वाटतं. मला जे होत होतं त्याला साधा घरगुती शब्द आहे. मी जळत होते. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईवर, आणि त्याहून जास्त तिच्या कॉम्प्युटरवर.

नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी. बदली होऊन आम्ही चंडीगडला आलो, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. पुण्याच्या एका मासिकासाठी मी लिहायचे. महिन्या-दोन महिन्यांनी इकडच्या जगण्याबद्दल एखादा लेख, आणि दरवर्षी त्यांच्या दिवाळी अंकात एक मोठा. फूलस्केपच्या एका बाजूला लिहायचं, खाली कार्बन घालायचा, एका ओळीत किती शब्द बसतात ते बघून ओळींनी गुणायचं आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायचं. पाकीट पोचायला आठ-दहा दिवस लागत. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन माणूस आलं की ‘या आमच्या लेखिका’ अशी माझी ओळख करून दिली जायची. मी ‘छे हो’ म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं.

ही वर राहायला आली आणि त्या आवडण्याला नजर लागली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, नागपूरची. नवरा इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टर, मुलगा दुसरीत. सामानात कपाटाच्या आधी कॉम्प्युटर वर चढला. त्यात मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर होतं. ‘के’ दाबलं की ‘क’ उमटायचा. मजकुराचे शब्द किती झाले ते मशीनच सांगायचं. पुढच्या वर्षी तिनं इंटरनेटही घेतलं. दुपारी फोनच्या तारेतून ते जोडताना होणारी खरखर आणि शिट्टी जिन्यातून खाली यायची. मी तांदूळ निवडत असले तरी मला कळायचं, की ही आत्ता पुण्याला काहीतरी पाठवतेय आणि ते पोचलंसुद्धा.

कारण तीही लिहायला लागली होती. कुठे, तर माझ्याच मासिकात. पत्ता मीच दिला होता, अगदी मोठ्या मनानं. संपादकांनी एकदा फोनवर मला सांगितलं की तुमच्या त्या शेजारीणबाई सांगितले तेवढेच शब्द पाठवतात हो, आमचं टायपिंगही वाचतं. मी म्हटलं, वा, छान. फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की आपल्याला कॉम्प्युटर हवा, मुलीच्या अभ्यासाला. मुलगी तेव्हा चौथीत होती.

कॉम्प्युटर आला. त्यात मराठी घालून द्यायला तीच खाली आली. तिनं आपल्या फ्लॉपीवरून सॉफ्टवेअर चढवलं, आमच्याकडे इंटरनेट नव्हतं म्हणून सायबर कॅफेतून वापरायला मोफत मिळणारा एक ई-मेलचा पत्ताही मला काढून दिला आणि प्रत्येक बटणावर मराठी अक्षर लिहिलेली चिमुकली चिठ्ठी चिकटवली. दुपारभर बसून, घरी मुलगा एकटा ठेवून. तिचं अक्षर गोलगोल, सुरेख होतं. माझ्या बटणांवर तिचं अक्षर असावं हेसुद्धा मला सहन झालं नाही. ती गेल्यावर मी दोन-तीन चिठ्ठ्या नखानं काढून बघितल्या. मग ‘ळ’ कुठे आहे ते सापडेना, म्हणून परत चिकटवल्या.

तेव्हाची एक अडचण इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजच्यासारखं कुठेही मराठी उघडून वाचता येत नसे. प्रत्येक सॉफ्टवेअरची मराठी अक्षरं वेगळी. ज्या फॉन्टमध्ये लिहिलं तो फॉन्ट समोरच्याकडे नसला, तर त्याला पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि प्रश्नचिन्हं दिसत. त्यामुळे आम्हा मराठीत लिहिणाऱ्यांची पद्धत अशी की ई-मेलला दोन फायली जोडायच्या, एक लेखाची आणि एक फॉन्टची. आणि प्रत्येक वेळी जोडायच्या, कारण तिकडे कॉम्प्युटर कोण पुसतं आणि कोण बदलतं याचा भरवसा नसे.

त्या वर्षी दिवाळी अंकासाठी संपादकांचं पत्र आलं. यंदा पानं कमी आहेत, उत्तरेकडचा एकच लेख घेणार आहोत, तो तुमच्या शेजारणीचा मागवला आहे, आपण गैरसमज करून घेऊ नये. मी गैरसमज मुळीच करून घेतला नाही. मला अगदी बरोबर समजलं. सात वर्षं माझी असलेली जागा गेली होती. तरीही मी माझा लेख लिहून ठेवला. का, ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी सवय म्हणून सांगितलं असतं.

लेख पाठवायच्या आठवड्यात तिचा फोन दोन दिवस बंद पडला, आणि त्यातच शेजाऱ्यांच्या फोनवर नागपूरहून निरोप आला की वडिलांना झटका आलाय. टॅक्सी दारात उभी असताना ती धावत माझ्याकडे आली. हातात फ्लॉपी. म्हणाली, “ताई, एवढं सायबर कॅफेतून पाठवून द्याल का? दोन्ही फायली आहेत यात. आणि तुम्ही वाचा बरं, आल्यावर सांगा मला कसा झाला ते.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, तू निघ, काळजी करू नकोस.

मध्यंतरी तिनं स्वतःसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं, म्हणून तिचा फॉन्ट आधी फ्लॉपीवरून माझ्या कॉम्प्युटरवर घातला आणि दुपारी वाचला. लेख तिच्या मुलाबद्दल होता. तो शाळेत, गल्लीत, घरातसुद्धा हिंदीत बोलतो. आजोबा फोनवर मराठीत विचारतात आणि हा ‘हां जी, ठीक हूँ’ करतो. मग एकदा त्याला ताप चढतो आणि त्या तापात तो मराठीत बडबडायला लागतो. बस्स, एवढाच लेख. एकही जड शब्द नव्हता. मी वाचून उठले, पाणी प्यायले, परत येऊन वाचला. माझी मुलगीही तापात मराठीत बोलायची. किती वेळा तिच्या कपाळावर पट्ट्या बदलत मी ते ऐकलं होतं. हे लिहायची गोष्ट आहे हे सात वर्षांत मला सुचलं नाही, आणि हिला दोनच वर्षांत सुचलं. तोवर मी तिच्या मशीनवर जळत होते. त्या दुपारी कळलं की मशीन मला मिळालं तरी हे मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेक्टर बावीसच्या कॅफेत गेले. माझ्या पत्त्यावरून संपादकांना ई-मेल लिहिलं, लेखाची फाइल जोडली. फॉन्टची फाइल तिच्याच खाली दिसत होती. मी विसरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. पण मी त्या फायलीकडे चांगली बघत बसले होते. कॅफेवाल्या मुलानं विचारलं, आंटीजी, हो गया? मी म्हटलं, हो गया, आणि पाठवण्याचं बटण दाबलं.

चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. लेख उघडतो पण नुसती चिन्हं दिसतात, परवाच आमचा कॉम्प्युटर बदलला, त्यांचा फॉन्ट मिळेल का? मी सांगितलं की तिचे वडील फार आजारी आहेत, ती नागपूरला आहे, कधी परतेल ते माहीत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते हळहळले. मग म्हणाले, ती चिन्हांची फाइल काढून टाकतो, पण चार पानं रिकामी राहतात, तुमचं काही तयार आहे का?

तयार होतं. मी दोन्ही फायली, लेख आणि माझा जुना फॉन्ट, जोडून पाठवलं.

तिचे वडील गेले. तेराव्यानंतर ती परतली तेव्हा वाळलेली होती, आणि लेखाचं तिनं काही विचारलं नाही. दिवाळी आली. दुखवट्याच्या घरी त्या वर्षी फराळ करत नाहीत म्हणून रीतीप्रमाणे मी डबा भरून वर दिला. दोन दिवसांनी ती डबा परत करायला खाली आली. काखेत दिवाळी अंक होता. माझा लेख वाचला म्हणाली, आवडला म्हणाली, आणि तिला तो खरंच आवडला होता. हे मला सगळ्यात वाईट लागलं. तिनं राग धरला असता तर मला किती सोपं गेलं असतं.

मी फ्लॉपी काढून तिच्या हातात दिली. ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली.

“ताई, तुम्ही वाचला होता ना माझा? पक्का सांगा. त्यांनी घेतला नाही म्हणजे काही तरी चुकून राहिलं माझं.”

मला सांगता आलं असतं. पुढच्या अंकात तो सहज लागला असता. मी म्हणाले, “जरा घरगुती वाटला गं. आणि पसरट.”

तिनं मान हलवली. म्हणाली, “मलाही तसंच वाटून राहिलं होतं. घरच्या कॉम्प्युटरवरून मी तो काढूनच टाकला, मुलाच्या गेमला जागा होत नव्हती.” मग तिनं फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर दोन नावं आली, लेखाचं आणि फॉन्टचं. “ही पुसून ठेवते तुमच्यासाठी. पुढचा लेख हिच्यावर घ्या. मला आता नाही लागणार.”

फ्लॉपी पूर्ण पुसायला दीड-दोन मिनिटं लागत. यंत्र कुरकुरायला लागलं. पडद्यावर किती पुसून झालं त्याचे आकडे चढत होते, आणि मध्येच थांबवायचं बटणही तिथेच होतं. मी तिला विचारलं, चहा घेशील ना, आणि आत गेले.