मोरे सरांची ठोक्याची डबी

आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, कुणी कधी कुणाची दृष्ट काढली नाही. भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली आईचं टायपिंगचं सर्टिफिकेट. लहानपणी मी भुताची गोष्ट सांगायला लागलो की आई म्हणायची, "पुरावा आण, मग बोल." पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सवाला झालो, त्यामुळे तर विषयच संपला... तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही.

आम्ही भाईंदर पश्चिमेला, मोरवा गावाच्या अलीकडे राहतो. आई लालबागच्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकली आणि नंतर तिथेच शिकवायला लागली. क्लास मोरे सरांचा. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा मुलींची पंचाईत झाली – की नीट दाबली गेली का, आवाजावरून कळेना. म्हणून सरांनी की-बोर्डला जोडायची एक डबी बनवली. आत तारेची कॉइल आणि लोखंडी दांडी. की दाबली की दांडी उडून ठक्! क्लास बंद झाला तेव्हा त्यांनी एक की-बोर्ड आणि एक डबी आईला दिली. नंतर काही वर्षांनी सर गेले.

डबी इथल्या खाडीच्या हवेनं गंजून कधीच बंद पडली होती. मग मधुमेहानं आईची नजर गेली, बोटांची टोकंही बधिर झाली. आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोक्यात आलं, की कोकणात तिच्या वाडीतल्या बायका जयंतीला म्हणायच्या ती गाणी टाइप करून ठेवायची. त्या बायका आता राहिल्या नाहीत. गाणी फक्त आईला येतात.

मी म्हटलं, मोबाइलवर बोल ना.

"बोलायला गेले की पुढची ओळ पळते रे. बोटं चालली की येते."

पण पहिल्याच दिवशी तिचे हात एक घर, म्हणजे एक की, उजवीकडे सरकून बसले आणि अख्खं पान कचरा निघालं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं. काय वाचणार, कपाळ? ती समजली. की-बोर्डवर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "झालं माझं." मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी डबी नव्यानं बनवायला घेतली. काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमधून गाडीच्या दरवाजाच्या लॉकमधली कॉइल आणली. गॅरेजवाला म्हणाला, "भाई, इससे खोलना क्या है?" म्हटलं, "खोलना कुछ नहीं, सिर्फ आवाज चाहिए." तो माझ्याकडे बघतच राहिला. सरांच्या गंजक्या डबीच्या मापानं खोका केला, छोटा प्रोग्रॅम लिहिला – एक की, एक ठोका. बस्स. बोटं नुसती टेकलेली असली तर डबीपर्यंत काहीही पोचत नाही, हे लक्षात ठेवा.

आईनं टाइप करायला घेतलं. ठक्, ठक्, ठक्... चेहरा उजळला. मधे पाणी प्यायला थांबली, हात परत ठेवले – एक घर उजवीकडे. मी सांगणार, एवढ्यात डबी वाजली. ठक-ठक. पटकन दोनदा. तिनं अजून एकही की दाबली नव्हती.

आई थबकली. मग हात हळूच डावीकडे घेतले आणि पुढची ओळ टाइप केली. बरोबर होती.

"सर असेच करायचे," ती म्हणाली. "हात चुकून बसला की टेबलावर दोनदा पट्टी वाजवायचे. कुणाच्या बोटांवर कधी नाही मारली."

मला वाटलं, लूज कॉन्टॅक्ट. वायर बदलली, अडॅप्टर बदलला. मी स्वतः डोळे मिटून मुद्दाम चुकीचे हात ठेवून बसलो – काही नाही. बायकोला बसवलं – काही नाही. आई बसली आणि तिचे हात चुकले की ठक-ठक. दर वेळी.

शेवटी एका रविवारी दुपारी मी डबी सोडवली. सगळ्या वायरी काढल्या, झाकण उघडलं आणि ती तळहातावर घेऊन खिडकीशी उभा राहिलो. आई म्हणाली, "तोवर मी ओळ पुरी करते." तिनं हात ठेवले. चुकले होते, मला दिसत होतं.

आणि माझ्या तळहातावर दांडी दोनदा आपटली.

वायर नाही, वीज नाही. दांडीचा मार लागला मला, खरोखरचा! आई शांतपणे म्हणाली, "हो सर," आणि हात सरकवले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीती म्हणाल तर नाही... वर्गात सर आल्यावर उभं राहावंसं वाटतं ना, तसं वाटलं. डोळे भरून आले.

"आई," कसाबसा म्हणालो, "याला पुरावा काय?"

"तुझ्या हाताला लागला ना?" ती म्हणाली. "मग जोड आता वायर. तीन गाणी राहिलीत."

ती तिन्ही झाली. मोरव्याच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून वाडीत पाठवल्या. यंदाच्या जयंतीला तिथल्या मुलींनी त्या बघून गाणी म्हटली आणि आईनं ती फोनवर ऐकली.

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. इथे कुणी इंजिनिअर असतील तर जरूर सांगा. फक्त डबी पुन्हा उघडून बघ, असं म्हणू नका. त्या दिवशी झाकण लावताना माझ्या तोंडून आपसूक "सॉरी सर" निघून गेलं होतं.