चोविसावं तोंड

इथे अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. खोटं कशाला बोलू? ‘नेटवर्क नसलेल्या गावातच बरी भुतं येतात’ अशी कमेंटही टाकली होती. आता माझी पाळी... हसा.

मी शहापूर-मुरबाड भागात तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं काम करतो. मोबाइलवर तोंडाच्या आतला फोटो घ्यायचा. हजारो तोंडांचे फोटो बघून शिकलेलं ॲप लगेच सांगतं – हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे डॉक्टरकडे पाठवा. इकडच्या बायका दातांना तंबाखूची मिश्री लावतात, पण परक्या पुरुषासमोर तोंड उघडायला लाजतात. म्हणून मी मोबाइल त्यांच्याच हातात देतो. त्या घरात बसून एकमेकींचे फोटो काढतात, मी ओट्यावर वहीत नावं लिहीत बसतो.

गेल्या हिवाळ्यात मुरबाडकडच्या एका वाडीवर तेवीस बायका झाल्या. मोबाइल परत आला तर फोटो चोवीस. शेवटच्याला नाव नाही, आणि रंग लाल.

“दादा, आमी तेवीसच हाव,” त्यांच्यातली म्हातारी म्हणाली. “चोवीसवी कुठनं आणू?”

फोटो मोठा करून पाहिला. कडेला उघड्या तोंडाखालची हनुवटीही आली होती. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, मधला घसरलेला. माझ्या आईचे अगदी असेच आहेत. लहानपणी गोंदताना ती हलली होती. पण आई तर आटगावजवळ आमच्या घरी होती! स्क्रीनशॉट घेतला, बाइक काढली आणि सरळ घर गाठलं.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. दिवसभर कुठे गेली नव्हती. सांगायला लाज वाटते – अख्ख्या तालुक्याची तोंडं तपासली, आईचं राहिलं होतं. मी टॉर्च मारला.

“काय बघतोस रे? दात सगळे हायत माजे, एक पडला नाय,” ती ऐटीत म्हणाली.

डाव्या गालात, दाढेजवळ, पांढरा चट्टा होता.

कॅन्सरच निघाला, पण लवकर सापडला. ऑपरेशन झालं, चट्ट्यालगतची दाढही काढावी लागली. आता सगळं साफ आहे, असं डॉक्टर म्हणाले. ऑफिसात विचारलं तर सर्व्हरवर त्या दिवसाचे तेवीसच फोटो. “बग असेल,” म्हणाले. मीही देवाचे आभार मानून गप्प बसलो असतो.

पण गेल्या महिन्यात तो स्क्रीनशॉट पुन्हा उघडला. त्या दिवशी मी फक्त ठिपके पाहिले होते. फोटोत डावीकडची ती दाढ नाही... तिथे भरलेली जखम आहे, टाक्यांचा वण आहे. म्हणजे हे तोंड ऑपरेशननंतरचं. आणि खाली रंग लाल.

तेव्हापासून मला चैन नाही. रोज सकाळी आईचा फोटो घेतो. दर वेळी हिरवा येतो. मग त्या लालचा अर्थ काय, मला लावता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर... नको, सांगूच नका.

“बरं हाय ना रे?” तोंड मिटत ती विचारते.

“बरं हाय, आये,” मी म्हणतो. तो स्क्रीनशॉट तिला अजून दाखवलेला नाही.