गाडी सरळ धर

रविवारी सकाळी चाळीतले बाकीचे सासरे पेपर वाचत बसायचे. माझे सासरे जमिनीवर आडवे पडायचे. अंगात बनियन, एक गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. आमच्या मोटरसायकलच्या इंजिनाला उजवीकडे खाली रुपयाएवढी गोल काच होती, आतलं तेल किती आहे ते दिसायला. काचेशी दोन रेघा, तेल त्यांच्यामध्ये हवं. आप्पा ती काच अशी झोपून बघत. नवीन माणूस धावत यायचा, म्हातारा पडला की काय म्हणून!

विक्रोळीच्या आमच्या चाळीपुढची फरशी गटाराकडे उतरती. स्टँडवर लावली तरी गाडी कलायची, तेल एका अंगाला जायचं आणि काच भलतंच दाखवायची. म्हणून एकानं गाडीवर बसून ती सरळ धरायची, दुसऱ्यानं खाली बघायचं. धरायचं काम मिलिंदचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं.

मी मेबल, मरोळ गावठाणातली ख्रिश्चन मुलगी. आप्पा जालन्याकडचे, सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा न घेणारे. मुलानं आपल्यातली मुलगी करावी एवढं एकच त्यांचं मागणं, आणि मिलिंदनं नेमकं तेच मोडलं. आप्पा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, मी काय कमी आहे भांडायला! नुसतं बोलणं बंद. चहा पुढे ठेवला की कपाकडे बघायचे, माझ्याकडे नाही. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे मिलिंद कामावर गेला की घरात आम्ही दोघं आणि पंख्याचा आवाज. मला त्या घरात जागा हवी होती, आणि ती आप्पांनी दिलेलीच हवी होती.

एका रविवारी मिलिंदला ड्यूटी लागली. आप्पा दारात उभे राहून भिंतीला म्हणाले, "कुणी मोकळं असंल तर गाडी धरा." भिंत काही हलली नाही. मी गेले, गाडीवर बसले.

"सरळ धर," खालून आवाज.

धरली.

"सरळ म्हणलं! कुठं बघायलीस?"

"सरळच आहे ना! तुम्हीच तिरके झोपलाय."

बोलून गेले आणि म्हटलं, मेबल, वाट लागली. खालून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आप्पा हसत होते!

त्यानंतर गाडी धरायला मिलिंदला कुणी बोलावलं नाही. तेल बदलायचं असलं की आप्पा आधी इंजिन थोडं गरम करत, मग खालचा बोल्ट काढत. काळीकुट्ट धार पसरट डब्यात पडायची आणि मी नाक मुरडायची. "तोंड नको वाकडं करू, मेबल," ते म्हणायचे. "इंजिनाची सगळी घाण अंगावर घेतलीय त्यानं. काळं झालं नसतं तर म्हणलो असतो, नुसतं बसून खातंय." जुनं तेल ते बाटलीत भरून ठेवायचे. पहिल्यांदा नाताळाला माझ्या माहेरी आले ते ती बाटली पिशवीत घेऊनच. केकच्या ताटाला हात लावायच्या आधी आमच्या कुरकुरत्या गेटच्या बिजागऱ्यांना तेल लावलं. "पोरीच्या घरचं गेट रडाया नको," म्हणाले. माझी मम्मी तिथेच डोळे पुसायला लागली.

मग आप्पांना लकवा झाला. डावं अंग गेलं. हळूहळू बसायला लागले, पण बसले की कलायचे. एका रविवारी हट्टच धरला, "मी गाडी धरतो, तू बघ." मिलिंदनं उचलून त्यांना गाडीवर बसवलं आणि पडू नयेत म्हणून स्वतः मागच्या सीटवर बसून कमरेला मिठी घातली. मी फरशीला गाल टेकला.

"किती हाय?"

काच रिकामी होती. गाडी डावीकडे कलली होती, त्यांच्यासारखीच.

"बरोबर आहे, आप्पा. दोन रेघांच्या मधोमध."

"लबाड बोलू नको. वाकडी हाय ना गाडी?"

मी फरशीवरून गाल उचलला.

"गाडी नाही गं, मीच वाकडा झालो. ये, खांदा लाव."

मी डावीकडून खांदा लावून गाडी उचलून धरली. आता काच बघायला खाली कुणीच नव्हतं.

"आप्पा, दिसत नाहीये काही."

"राहू दे. सरळ हाय ना? बास."

ते पावसाळ्याआधी गेले.

चाळ पाडून तिथं टॉवर झाला. गाडी काढून टाकू, असं मिलिंद एकदाच म्हणाला, पुन्हा म्हणाला नाही. खालचं पार्किंग इतकं सपाट आहे की स्टँडवर लावली की गाडी आपली सरळच उभी राहते. तेल बघायला दुसरं माणूस लागत नाही. तरी मी रविवारी आधी गाडीवर बसते, हँडल घट्ट धरते आणि खालून ओरडा यायची वाट बघते. फार आठवण येते हो. मग उतरते आणि एकटीच फरशीला गाल टेकते.