डीकन व्हायची भीती

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विषय काढला तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

"तुम्हाला डीकन होण्याचं पाचारण आहे असं मला वाटतं," ते म्हणाले. "आत्ताच हो म्हणू नका. आपण पारखून बघू."

आम्ही डिचोलीजवळ मुळगावला राहत होतो. वडील नगरकडून खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. मी त्याच खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो. आमचं घराणं प्रोटेस्टंट, अँग्लिकन वळणाचं, उपासना मराठीतून. गोव्यात ख्रिस्ती म्हटला की तो कॅथलिक आणि कोंकणी बोलणारा, असं सगळे धरून चालत. आमची मोजकी कुटुंबं कुणाच्या तरी ओसरीवर जमत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घाट उतरून येत, मधल्या रविवारी शास्त्रपाठ मी वाचायचो. तेवढं जमत होतं. पण डीकन म्हणजे दीक्षा घेतलेला सेवक. पाळकाच्या हाताखाली राहायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, मरणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. आणि मला भीती होती ती नेमकी त्याचीच.

वडिलांच्या छातीत धूळ बसली होती. शेवटच्या दिवसांत त्यांचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि आई मला पाणी देऊन आत पाठवायची. तेव्हापासून आजाऱ्याच्या खोलीत शिरलो की माझे तळहात ओले होत.

"अहो, माझ्या बाळंतपणात तुम्हाला घेरी आली होती," बायको म्हणाली. ती हसली नाही. "होऊ नका असं मी म्हणत नाही. पण हल्ली तुम्ही झोपेत दचकता, ते मला दिसतं."

पारख म्हणून पाळकसाहेबांनी मला धारगळला पाठवलं. तिथे आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या नर्सबाई भाच्याकडे राहत होत्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दर रविवारी जायचं, वाचायचं, थोडं बसायचं. मी पाव भाजणाऱ्या पोदेराकडून दोन उंडे घेऊन जायचो. चहात बुडवलेला पाव तेवढा त्यांच्या घशाखाली उतरायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळलं. "भियालंस?" त्यांनी विचारलं.

"होय."

"मग भी. पण बस."

मी बसलो. दर खेपेला निघताना वाटायचं, आज पाळकसाहेबांना कळवून टाकावं की हे माझं काम नव्हे.

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे होते. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून घराघरांत वाद, रस्त्यावर दगड. मराठीवाल्यांना माझ्या गळ्यातला क्रूस खुपायचा आणि कोंकणीवाल्यांना माझ्या तोंडची मराठी. मी काट्यावर खाली मान घालून पावत्या फाडायचो.

अशातच एका संध्याकाळी धारगळचा एक ट्रकवाला काट्यावर निरोप देऊन गेला. नर्सबाईंचं काही खरं नाही, भाच्याने बोलावलंय. सकाळी उठलो तर बस बंद. पाळकसाहेब घाटापलीकडे. बायकोने पिशवीत पवित्र शास्त्र आणि कालचे उंडे ठेवले आणि मी सायकल काढली.

अस्नोडा, थिवी ओलांडून कोलवाळच्या पुलापर्यंत कुणी भेटलं नाही. दुकानं बंद, दारं बंद. पूल उतरून थोडं पुढे गेलो तर वळणावर रस्त्यात झाड आडवं पाडलेलं. बाजूला टायर जळत होता. सात-आठ जण हातात दांडे घेऊन उभे.

"रे, खंय चल्लो?"

मी सायकलवरून उतरलो. हे कोणत्या बाजूचे, काही कळेना. दोन्ही बाजूंची माणसं घरी एकच बोली बोलत. कोणतं उत्तर दिलं तर सुटेन आणि कोणतं दिलं तर डोकं फुटेल, कसं ओळखणार?

एकाने पिशवी ओढली. आत उंडे आणि ते काळं पुस्तक. त्याने पान उघडून बघितलं. "किरिस्तांव? आनी हें मराठी कशें?"

दुसऱ्याने दांडा चाकाच्या आऱ्यांत घातला. "खरें सांग. तूं कोणालो? आमचो काय तांचो?"

आवाज फुटला तेव्हा तो मलाच अनोळखी वाटला. "धारगळला एक म्हातारी मरायला टेकलीय. तिच्याकडे चाललोय."

"तुजी कोण ती?"

"कोणी नाही. मी आमच्या चर्चचा सेवक आहे. तिच्याजवळ बसायचं माझं काम आहे."

असं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

मागे उभा असलेला एक वयस्क माणूस पुढे आला. "ती नर्सीण?" मी मान डोलावली. त्याने दांडा बाजूला केला, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि आम्ही दोघांनी मिळून सायकल झाडावरून पलीकडे ठेवली. ते कोणत्या बाजूचे होते, मला आजही ठाऊक नाही.

मी पोचताच भाचा डॉक्टरला आणायला धावला, आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. नर्सबाईंना बोलता येत नव्हतं. श्वास वडिलांसारखाच, आत अडखळत, बाहेर घरघरत. मी एक स्तोत्र वाचायला घेतलं, पण ओळी डोळ्यांपुढे हलू लागल्या. पुस्तक मिटलं आणि दारापर्यंत गेलो. तिथून रस्त्याकडचा काळा धूर दिसत होता. मी आत वळलो तो श्रद्धेने की बाहेरच्या भीतीने, हे मला सांगता येणार नाही.

कापसाने त्यांचे ओठ ओले करत राहिलो. हात धरला तर त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली, इतकी की दुखली. दुपार कलली तेव्हा एक श्वास आत गेला आणि बाहेर आलाच नाही. मी बराच वेळ वाट बघितली. मग हाताने त्यांचे डोळे मिटले. भाचा एकटाच परत आला. डॉक्टरची गाडी झाडापलीकडे अडकली होती.

पुढे घाटापलीकडे बिशपसाहेबांपुढे मला बसवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता भीती गेली?"

"नाही, साहेब."

"तर मग दीक्षा कशी मागता?"

"मी मागत नाही. पण कुणी बोलावलं तर जाईन."

त्यांनी मला काही महिने थांबायला सांगितलं. मधल्या काळात भाषेचा निकाल लागला, गोवा राज्य झालं, रस्ते मोकळे झाले. माझी झोप मात्र सुधारली नाही. शेवटी त्यांनी होकार दिला. दीक्षेच्या दिवशी डोक्यावर बिशपसाहेबांचे हात आले तेव्हा मागून पाळकसाहेबांनी माझा खांदा धरला.

पहिलं बोलावणं मांद्र्याहून आलं. होडीवर काम करणारा आमच्यातला एक माणूस तापाने बरळत होता. मी सायकल काढली आणि उगाच पुन्हा पुन्हा चाकातली हवा तपासत राहिलो. बायकोने लेकराला शेजारी सोडलं, घराला कुलूप लावलं आणि पदर खोचून कॅरिअरवर बसली.

"चला," ती म्हणाली. "मी बाहेर थांबेन."